येशूच्या ऐतिहासिकतेविषयी खुलासा

‘ख्रिस्ती ग्रंथांबाहेर प्राचीन काळी येशूचा उल्लेखच नाही, म्हणून तो काल्पनिक होता’ असा दावा सध्या फिरत आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही. ज्यू इतिहासकार जोसीफस याने इ.स. ९३-९४ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथाच्या विसाव्या खंडात ‘ज्याला ख्रिस्त म्हणत त्या येशूचा भाऊ’ अशी याकोबाची ओळख दिली आहे. त्याच ग्रंथाच्या अठराव्या खंडातील येशूविषयीच्या उताऱ्यात पुढे हस्तलिखिताच्या प्रती उतरवणाऱ्या ख्रिस्ती लेखनिकांनी भर घातली, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात आणि ते येथे लपवण्याचे कारण नाही. परंतु याकोबाच्या उल्लेखाला ते बहुसंख्येने अस्सल मानतात. रोमन इतिहासकार टॅसिटस यानेही, ख्रिस्ती लोकांविषयी तिरस्कार बाळगूनच, रोमन सम्राट तिबेरियसच्या राजवटीत यहूदियाचा रोमन सुभेदार पिलात याने ख्रिस्ताला देहदंड दिल्याचे सुमारे इ.स. ११६ मध्ये नोंदवले. याहून जुना आणि माझ्या मते सर्वांत वजनदार पुरावा मात्र ख्रिस्तीच आहे: आपण याकोबाला, म्हणजे येशूच्या भावाला, प्रत्यक्ष भेटलो असे आद्य ख्रिस्ती प्रचारक पौल गलतीकरांना (गलतिया प्रांतातील ख्रिस्ती मंडळ्यांना) लिहिलेल्या पत्रात सांगतो. येशूचे चमत्कार आणि पुनरुत्थान हा श्रद्धेचा प्रश्न आहे. या नोंदींवरून त्यांचा निवाडा होत नाही.