गेटवरचा कोळी आणि मावशीचं ब्लेड

परवा ओझरहून मावशीचा फोन. "गेटवर तोच कोळी बसलाय रे, पोरांना घरात कोंडून ठेवलंय." तोच म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा. 'नाशिकच्या द्राक्षबागांत जीवघेणा परदेशी कोळी. अंगावर पिवळे पट्टे, जाळ्यावर मृत्यूची फुली. संडासाच्या सीटखाली लपतो, तीन महिला दगावल्या. चावल्यास ब्लेडने चिरून रक्त काढा.' मावशीने ते पुढे ढकललंच, वर औषधांच्या डब्यात कोरं ब्लेड आणून ठेवलं. त्या ब्लेडपायी हे लिहितोय.

आधी तेच. चिरल्याने विष बाहेर येत नाही. रक्त वाहतं, जखम चिघळते. आमच्या काकांना साखर आहे, त्यांच्या बोटाला घरच्या घरी चीर द्यायची म्हणजे कोळी परवडला. चावलाच तर साबणाने धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून लावा. अंगात गोळे यायला लागले, दम लागला, सूज चढत गेली तर दवाखाना. ब्लेड दाढीला ठेवा.

आता त्या तीन महिला. त्या 1999 पासून मरतायत! तेव्हा ईमेल फिरला होता: शिकागो, विमानतळावरचं हॉटेल, टॉयलेट सीट, तीन बायका. कोळ्याचं नाव दिलं होतं 'अरॅक्निअस ग्लुटिअस'. ग्लुटिअस म्हणजे ढुंगणाचा स्नायू. कुणीतरी केलेली थट्टा ती, असा कोळी जगात नाही. पुढे त्याच गोष्टीला टेलामोनिया नावाच्या खऱ्या, निरुपद्रवी उडी मारणाऱ्या कोळ्याचं नाव चिकटवलं. आता ती नाशिकला पोचलीय.

मावशीला फोटो काढायला लावला. गोल, आखीव जाळं, मधोमध डोकं खाली करून बसलेली मादी, आठ पाय जोडीजोडीने फुलीसारखे ताणलेले, पायांच्या रेषेत रेशमाची पांढरी नागमोडी वीण. हा आर्जिओपी, इंग्रजीत सिग्नेचर स्पायडर. इथलाच. पाऊस सरत आला की कुंपणावर हमखास दिसतो. फुंकर मारली तर अख्खं जाळं गदागदा हलवतो, अंगावर येत नाही.

विष असतं, हे मान्य. बहुतेक सगळ्याच कोळ्यांना असतं, किडे त्यावरच मारतात. विडो जातीचे कोळीही भारतात आहेत आणि त्यांचा चावा हलक्यात घ्यायचा नाही. पण तो गडद, गोल पोटाचा, लाल खुणेचा, आणि जाळं वेडंवाकडं, दगडाखाली नाहीतर अडगळीत. भर उन्हात गेटवर आखीव जाळं करून मिरवणारा तो नव्हे.

बागेत म्हणाल तर हे कोळी किडेच खातात. त्यांच्यासाठी वेगळी फवारणी कसली करताय?

सगळं ऐकून मावशी म्हणाली, "ते ठीक, पण येता-जाता तोंडावर जाळं येतं त्याचं काय?"

काठीवर अलगद घे आणि जास्वंदीवर सोड. उद्या नवं विणेल.