गरज पाहा, पण बायबलच्या ६६ पुस्तकांचा हिशेबही ठेवा

मंडळीची (चर्चच्या सभासदांची) गरज ओळखून पाळकांनी (धर्मगुरूंनी) रविवारच्या उपदेशाचा विषय निवडावा, हे एका लेखातलं म्हणणं पटतं, पण ते अपुरं आहे. निवड केवळ गरजेवर सोडली की आवडते चार-पाच विषयच फिरून येतात आणि लेवीय, ओबद्या ही पुस्तकं वर्षानुवर्षं कानावर पडत नाहीत. मागच्या तीन वर्षांचे उपदेश ६६ पुस्तकांच्या यादीसमोर टिपून पाहा, रिकाम्या जागा लगेच दिसतील.

एकेक पुस्तक घेऊन त्यावर सलग उपदेश करा आणि पुढचं पुस्तक वेगळ्या प्रकारचं घ्या: पत्रानंतर शुभवर्तमान (येशूचं चरित्र), मग एखाद्या संदेष्ट्याचं पुस्तक. लांबी आधीच मोजा. फिलिप्पैकरांस पत्र ४ अध्यायांचं, १०४ वचनांचं. ८ ते १० रविवारांत नीट होतं. रोमकरांस पत्राचे मात्र १६ अध्याय, आणि तेही दाट. ते १-४, ५-८, ९-११, १२-१६ असं विभागून मध्ये स्तोत्रं घ्यावीत, नाहीतर ऐकणारे थकतात. एका रविवारचा भाग विचार संपतो तिथे तोडा. अध्यायांचे आकडे मूळ लिखाणात नव्हतेच.

स्विस धर्मसुधारक झ्विंग्लीने १५१९ साली झुरिकमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानापासून असाच सलग उपदेश सुरू केला. यात घटस्फोट, पैसा असे अवघड विषय ओघात येतात, कुणालाही ‘हे माझ्यावर नेम धरून’ असं वाटत नाही. मला हा फायदा सर्वांत मोठा वाटतो.

तीन वर्षांचा वाचनक्रम (दर रविवारी वाचायच्या उताऱ्यांची ठरलेली यादी) पाळणाऱ्या मंडळ्यांत मत्तय, मार्क, लूक पाळीपाळीने येतात. तिथे त्या दिवसाच्या वाचनांपैकी एकच धरून खोल जावं; सगळी जोडायला गेलं की उपदेश पातळ होतो.