इंग्रजी शब्दकोश घ्यायला जाल तेव्हा सोपे शब्द उघडून बघा

परळला संध्याकाळच्या वर्गात मी ज्यांना इंग्रजी शिकवते, ती बहुतेक मुलं मराठी माध्यमातली. पदवी झालेली, कुणी नोकरी करणारी, कुणी स्पर्धा परीक्षा देणारी. इंग्रजी पेपरातला अग्रलेख वाचून त्यांना कळतो. अडतं ते लिहिताना. ‘वी डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम’, ‘ही गेव्ह मी मेनी अ‍ॅडव्हायसेस’, ‘प्लीज सजेस्ट मी टू टेक अ कोर्स’. यातला एकही शब्द त्यांना नवा नाही, अर्थ सगळ्यांचा पाठ आहे. तो शब्द वाक्यात कसा बसतो, हे मात्र कुणी सांगितलेलं नाही. घरातला इंग्रजी-मराठी कोशही ‘चर्चा करणे’ म्हणतो आणि थांबतो. चर्चा आपण एखाद्या गोष्टी‘बद्दल’ करतो, म्हणून हात आपोआप ‘अबाउट’ लिहितो, इंग्रजीत तिथे ते लागत नसतानाही.

द्विभाषी कोशांबद्दल मला मनापासून आदर आहे. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश मी आजही हौसेने चाळते. पण ज्याला इंग्रजी बऱ्यापैकी येतं आणि आता नीट लिहायचं-बोलायचं आहे, त्याने इंग्रजी-इंग्रजी कोशच घ्यावा, आणि तोही खास शिकणाऱ्यांसाठी केलेला ‘लर्नर्स’ कोश, असं माझं ठाम मत आहे.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. दुकानात ‘ऑक्सफर्ड द्या’ म्हटलं की कधी कन्साइज हातात पडतो, कधी पॉकेट. कन्साइज उत्तम कोश आहे, १९११ पासून चालत आलेला आहे. पण तो इंग्रजीतच वाढलेल्या माणसासाठी केलेला आहे. ‘अ‍ॅडव्हाइस’चं अनेकवचन होत नाही हे त्याला सांगायची गरजच पडत नाही. आपल्याला पडते. कव्हरवर ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ असं लिहिलंय का, ते आधी बघा.

या लर्नर्स कोशांची मुळं इंग्लंडबाहेरच्या वर्गांत आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मायकेल वेस्ट ढाक्यात बंगाली मुलांच्या शिक्षणाचं काम करत होते. १९३५ साली त्यांनी जो कोश काढला, त्यात सगळ्या व्याख्या जेमतेम दीड हजार शब्दांत बसवल्या होत्या. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा कोश १९४२ साली आधी टोकियोत निघाला, ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये छापला, आणि तोच पुढे ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स झाला. घरी दुसरीच भाषा बोलणारी मुलं समोर बसलेली असताना हे काम झालं. म्हणून क्रियापदापुढे काय येतं, नाम मोजता येतं की नाही, कुठला शब्द कुठल्या शब्दाबरोबर जातो, हे सगळं त्यांत आहे.

आता निवड. ऑक्सफर्ड, लाँगमन, कोबिल्ड, केंब्रिज. यातला कुठलाही घेतलात तरी फसणार नाही. पण एकच घ्यायचा तर मी लाँगमन सांगेन. १९७८ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यांनी व्याख्या सुमारे दोन हजार सोप्या शब्दांत लिहायचं बंधन पाळलं आहे, त्यामुळे एका शब्दासाठी आणखी चार शब्द शोधायची पाळी येत नाही. शिवाय बोलण्यात जास्त येणारे शब्द कोणते आणि लिहिण्यात कोणते, याच्या वेगवेगळ्या खुणा आहेत. ज्यांना व्याकरणाच्या संज्ञांची धास्ती वाटते त्यांनी कोबिल्ड घ्यावा. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली तो प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराच्या प्रचंड साठ्यावरून तयार झाला आणि १९८७ साली आला. त्यात अर्थ पूर्ण वाक्यात सांगतात, ‘तुम्ही एखाद्या गोष्टीवर चर्चा करता तेव्हा...’ अशा धाटणीने. वाचता वाचता वाक्याची रचनाच कानात बसते.

किती लाख शब्द आहेत ते विचारू नका. अवघड शब्द उघडून कोशाची परीक्षा घेऊ नका, ते सगळ्यांत सापडतात. ‘सजेस्ट’ उघडा, ‘अ‍ॅडव्हाइस’ उघडा, ‘गेट’ उघडा. पुढे काय वापरायचं हे नेमकं दिलंय का, उदाहरणं माणसं खरंच बोलतील अशी आहेत का, नेहमीची चूक दाखवून सावध केलंय का, हे बघा. दहा मिनिटं लागतात. दुकानदार कुरकुरला तरी उभे राहा.

पैशाचा प्रश्न खरा आहे. किंग्ज सर्कलच्या किंवा फाउंटनच्या फूटपाथवर जुनी आवृत्ती मिळाली तर बिनधास्त घ्या. ‘सजेस्ट’चं व्याकरण दहा वर्षांत बदललेलं नाही. फक्त पायरेटेड प्रत घेऊ नका. त्यात उच्चाराच्या खुणा पुसट होतात आणि ‘डेव्हलप’मध्ये जोर दुसऱ्या अवयवावर (सिलॅबलवर) आहे हे सांगणारी बारीक रेघ दिसतच नाही. उच्चारासाठी याच कोशांच्या मोफत वेबसाइट आहेत, तिथे शब्द ऐका.

‘मग छापील कशाला?’ असं मुलं विचारतात. मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने आपला छापील लर्नर्स कोश बंद करून सगळं ऑनलाइन नेलं होतं, आणि २०२३ साली ती वेबसाइटही बंद झाली. इतका चांगला कोश वाचकांच्या हातून गेला. ज्यांनी छापील प्रत घेतली होती त्यांच्याकडे तो अजून आहे.

दादर, लालबाग, गिरगावातल्या वाचनालयांच्या किंवा अभ्यासिकांच्या समितीवर कुणी असाल, तर माझी कळकळीची विनंती आहे. संदर्भाच्या कपाटात एक चालू आवृत्तीचा अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स कोश ठेवा, आणि कपाटाला कुलूप लावू नका. तो टेबलावरच असू द्या, मुलं जिथे लिहायला बसतात तिथे.