ॲव्हरेज वाढवणारी बाटली, पाण्यावरचं किट आणि आमचं मोजपात्र

गेल्या वर्षभरात "गाडीचं ॲव्हरेज पडलं हो" असं म्हणणारा माणूस रोज एक तरी भेटतो. आणि त्याच्या पाठोपाठ ॲव्हरेज वाढवून देणाराही भेटतो. कुणी पेट्रोलच्या नळीला बांधायचे लोहचुंबक विकतोय, कुणी टाकीत ओतायची ५० मिलीची बाटली, कुणी पाण्यातून हायड्रोजन काढणारं किट. घरगुती उपायवाले तर टाकीत ॲसिटोन नाहीतर डांबरगोळ्या टाकायला सांगतात. मी कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहाय्यक आहे, मोजमाप हाच माझा रोजचा धंदा. म्हणून गेल्या उन्हाळ्यात यातलं जे हाताला लागलं ते मोजून पाहिलं. काय दिसलं ते सविस्तर लिहितोय, कारण यात आपल्याच माणसांचे कष्टाचे पैसे जातायत.

आधी एक गोष्ट मान्य करू. ॲव्हरेज पडलंय हे खोटं नाही. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१. मिश्रण १० टक्क्यांवरून २० वर गेलं की लिटरमागे साडेतीन टक्के ऊर्जा कमी झाली. लिटरला ६० देणारी गाडी ५८ वर येणारच.

आता ती बाटली घ्या. दहा लिटरच्या टाकीत ५० मिली म्हणजे अर्धा टक्का. साडेतीन टक्क्यांची तूट अर्ध्या टक्क्यातून कशी भरणार? विकणारा सांगतो की आमचं औषध ऊर्जा देत नाही, ते पेट्रोल "पूर्ण" जाळतं. पण चांगल्या स्थितीतल्या इंजिनात पेट्रोल आधीच जवळजवळ सगळं जळतं, न जळता बाहेर पडतं ते टक्का-दोन टक्के. खरा तोटा होतो तो उष्णतेचा. निम्म्याहून जास्त ऊर्जा सायलेन्सरमधून आणि इंजिनाच्या अंगातून हवेत जाते, आणि ती कुठल्याही बाटलीतल्या रसायनाने अडत नाही. इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग, साफ करणारी काही औषधं खरंच काम करतात, हेही सांगायला हवं. पण ती कचरा बसलेल्या गाडीचं गेलेलं ॲव्हरेज परत आणतात. साफ गाडीला ती काहीच देत नाहीत.

माझी गाडी २०१४ ची, १०० सीसी, कार्ब्युरेटरवाली. गॅरेजवाल्या मित्राने टाकीची नळी काढून अर्ध्या लिटरची बाटली जोडून दिली. (हे घरी करू नका. उघडं पेट्रोल आणि गरम इंजिन जवळजवळ असतात, मेकॅनिक सोबत हवाच.) सकाळी सहाला कराडच्या कोल्हापूर नाक्यावरून निघायचं, उंब्रजच्या दिशेने बारा किलोमीटर जाऊन परत यायचं आणि बाटलीत उरलेलं पेट्रोल मोजपात्रात ओतून आकडा वहीत लिहायचा. जाऊन-येऊन का, तर कृष्णा जिकडून येते तिकडे निघालं की रस्ता किंचित चढाचा लागतो. एकाच बाजूने मोजलं तर चढ-उतारच मोजला जातो. वेळ सकाळचीच का, तर पेट्रोल तापलं की फुगतं. २० अंशांच्या फरकाने दोन टक्के. दुपारी आणि पहाटे भरलेलं एक लिटर सारखं नसतं.

पहिले पाच दिवस काहीच मिसळलं नाही. तीच गाडी, तोच माणूस, तोच रस्ता, तरी आकडे आले ३८० पासून ३९७ मिलीपर्यंत. म्हणजे काही न करताच चार टक्क्यांचा फरक! समोरून ट्रक आला, एका वळणावर ब्रेक लागला, थोडा वारा सुटला, झालं. एकदा टाकी भरून "पाच टक्के वाढलं" म्हणणाऱ्याने नक्की काय मोजलं, हे मला त्या पाच दिवसांत कळलं.

मग ॲसिटोन. लिटरला तीन मिली सांगतात, म्हणून अर्ध्या लिटरला दीड. पहिले तीन दिवस मी स्वतः ओतलं. सरासरी आली ३७१ मिली! लिटरला जवळपास ६५. मी खरंच हरखलो, रात्री बायकोला वही दाखवली. दुसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "मामा, आता तू ओतू नकोस, मी ओततो. घातलंय की नाही ते तुला सांगणार नाही." रोज सकाळी तो नाणं उडवायचा, छाप आली तर ॲसिटोन, काटा आला तर नुसतं पेट्रोल, आणि मला फक्त भरलेली बाटली द्यायचा. बारा दिवस असं केलं. शेवटी त्याने चिठ्ठी उघडली. ॲसिटोनच्या दिवसांची सरासरी ३९०, बिनॲसिटोनच्या दिवसांची ३८८.

मग ते ३७१ आलं कुठून? माझ्या मनगटातून. आत औषध आहे हे ठाऊक असताना मी नकळत ॲक्सिलरेटर हळू पिळत होतो, लांबूनच वेग कमी करत होतो, ब्रेक कमी मारत होतो. फायदा खरा होता, पण तो ॲसिटोनचा नव्हता. याच ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवलेली पेट्रोल कॉकची रबरी रिंग सकाळी फुगून तिच्या खाचेत बसेना. टाकीत त्याचं प्रमाण फार कमी असतं हे मान्य, पण फुकटच्या आशेपायी आपल्या गाडीच्या रबराशी मी हा खेळ परत करणार नाही. डांबरगोळ्यांना तर मी हातच लावला नाही. हल्लीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरीनचं रसायन असतं, ते जळलं की आम्ल तयार होतं. चुंबकही लावून पाहिले. काडीचाही फरक नाही.

आता तात्यांबद्दल. शेजारचे तात्या छोटा हत्ती चालवतात, भाजीची ने-आण. त्यांनी हप्त्याच्या पैशांतले नऊ हजार देऊन पाण्यावरचं किट बसवून घेतलं. ते गाडीच्याच विजेने पाणी फोडतं आणि निघालेला वायू इंजिनात सोडतं. किट आवारात, मोकळ्या हवेत तपासलं, कारण हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आले की ठिणगीला स्फोट होतो. बादलीतल्या पाण्यात लिटरची बाटली उलटी धरली, ती वायूने भरायला ७० सेकंद लागले. ॲमीटर दाखवत होता १६ अँपिअर, म्हणजे सव्वादोनशे वॅट वीज.

हिशेब वहीच्या एका पानात बसला. त्या वायूत ऊर्जा आहे शंभर वॅटच्याही आत. चाळीसच्या वेगाने चालताना गाडी जाळते साधारण वीस हजार वॅटचं डिझेल. म्हणजे किटचा हातभार अर्धा टक्कासुद्धा नाही. आणि ती वीज येते कुठून? अल्टरनेटरकडून, अल्टरनेटरला फिरवतं इंजिन, इंजिन जाळतं डिझेल. वाटेतली सगळी गळती धरली तर सव्वादोनशे वॅट विजेसाठी बाराशे-तेराशे वॅटचं डिझेल लागतं. तेरा रुपये घालून एक रुपया परत!

तात्या म्हणाले, "अरे पण बसवल्यावर दोनानं वाढलं होतं की!" वाढलं होतंच. विचारलं तेव्हा कळलं, बसवणाऱ्याने त्याच दिवशी एअर फिल्टर नवा घातला होता आणि चारही टायरांत हवा भरली होती. आम्ही पंधरा दिवस किटचा फ्यूज काढून ठेवला. किट चालू असताना ॲव्हरेज १९.४ होतं, बंद असताना १९.६. तात्या बराच वेळ वहीकडे बघत बसले. मग म्हणाले, "फिल्टर अडीचशेचा होता रे." मला किट बसवणाऱ्या त्या माणसाची चीड आली ती या क्षणी. नवीन गाड्यांत तर किटबरोबर ऑक्सिजन सेन्सरला, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या भागाला, फसवणारी डबीही देतात. त्याने मिश्रणात इंधन कमी पडतं, इंजिन तापतं, व्हॉल्व्ह जळायची वेळ येते. गाडीवरच पोट असलेल्या माणसाला हे विकायचं?

हे नवीन नाही. १९९६ मध्ये तमिळनाडूच्या रामर पिल्लैने झाडपाल्याचं पेट्रोल केल्याचा दावा केला तेव्हा देशभर केवढा गाजावाजा झाला होता. शेवटी सीबीआयच्या तपासात नॅफ्था, टोल्युइनसारखी रसायनं निघाली आणि २०१६ मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९७० च्या दशकापासून इंधन वाचवणारी शंभरावर उपकरणं तपासली. बहुतेकांनी काही केलं नाही, मोजक्यांनी जरासा फायदा दिला.

ज्याने खरंच आकडा हलला ते सांगतो. मी एक आठवडा मुद्दाम ४५ ते ५० च्या वेगाने गाडी चालवली, टायरची हवा दर रविवारी तपासली, चेनला तेल दिलं, मागच्या चाकाचा घासणारा ब्रेक सैल करून घेतला. सरासरी ३६२ मिली, म्हणजे लिटरला ६६. खर्च चेनच्या तेलाचा.

कुणाकडे असं काही यंत्र किंवा औषध असेल तर रविवारी सकाळी सहाला कोल्हापूर नाक्यावर या. विकणारे असाल तरी या, मनापासून बोलावतोय. मोजपात्र माझं, नाणं भाचा उडवेल, आणि वहीत जो आकडा येईल तो मी इथेच जसाच्या तसा टाकेन.