चावी खिशात, गाडी जोशात

परवा गाडी लावली, चावी फिरवली, काढली, खिशात टाकली, उतरून दार लावलं आणि गाडी आपली चालूच. धडधडधडधड.

जुन्या डिझेलशी ज्यांचा संसार नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिझेलला स्पार्क प्लगच नसतो, त्यामुळे करंट तोडला म्हणून इंजिन विझत नाही, डिझेल तोडावं लागतं, आणि माझ्या गाडीत ते काम व्हॅक्यूम करतं. इंजिनवरचा एक पंप हवा खेचत असतो, चावी बंद केली की ती ओढ बारीक नळीतून एका डबीपर्यंत पोचते, डबीतला रबरी पडदा खेचला जातो आणि डिझेल बंद. वाटेत कुठे नळी चिरली की बोंबला, बॉनेट उघडा आणि 'स्टॉप' लिहिलेला खटका हाताने दाबा.

मी तो दाबायलाच वाकलो होतो, तर मागून आवाज. "आधी चावी काढा ना."

मागे एक काका, हात पाठीशी बांधून, परीक्षा घ्यायला आल्यासारखे उभे.

"काढलीय काका." मी चावी दाखवली.

त्यांनी चावीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, परत चावीकडे. "ही दुसऱ्या गाडीची असेल."

"माझ्याकडे एकच गाडी आहे."

"मग डुप्लिकेट असेल. ओरिजिनल आत राहिली." आणि काचेला नाक लावून स्वतः बघून आले. चावीचं भोक रिकामं होतं. मला वाटलं आता तरी जातील.

"व्हॅक्यूम लीक आहे हो," मी म्हटलं. चूक झाली.

"म्हणजे हवा जातेय."

"जात नाहीये. आत येतेय."

"येतेय? मग चांगलंच आहे की! आमच्या टायरात तर थांबत नाही."

मग बराच वेळ, चालू इंजिनच्या आवाजावर ओरडत, त्यांनी मला साबणाचं पाणी सुचवलं. नळ्यांना लावा, बुडबुडे येतील तिथे भोक. मी म्हटलं अहो बुडबुडा यायला हवा बाहेर यावी लागते, इथे ती आत ओढली जाते, साबण लावला तर नळीच पिऊन टाकेल. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की डॉक्टरांनी घरच्यांना बाजूला घेऊन सांगावं तसं. "पंक्चर ते पंक्चर," म्हणाले आणि निघून गेले. खटका दाबायचा राहिलाच होता.

आणि हो, रात्री मी साबणाचं पाणी लावून बघितलं. कोणाला सांगू नका. एक बुडबुडा आला नाही.

पेट्रोलवाल्यांचा स्प्रे मारायचा उपाय पण इथे चालत नाही, तिकडे स्प्रे लीकमधून इंजिनात जातो आणि आयडलिंग बदलतं, इथे पंप वेगळा, इंजिनला त्याचा पत्ताच नाही. मेकॅनिकने पहिला प्रश्न विचारला, स्कॅनर कुठे लावायचा. लावायला जागाच नाही म्हटल्यावर म्हणाला, विकून टाका. सगळे हेच म्हणतात. ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टर पण ह्याच पंपावर चालतो, म्हणजे मी काही हौसेने नळ्या चिवडत बसलो नव्हतो, पण हे ऐकायला कोणाला वेळ आहे.

शेवटी हातपंप आणला, मीटरवाला. एकेक नळी सुटी करायची, मीटरवर 20 इंच (पाऱ्याचे, ओढ त्यात मोजतात) येईपर्यंत ओढायचं आणि काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला नाही तर नळी निर्दोष. मेन लाइन निर्दोष, डबी निर्दोष, चावीमागचा स्विच निर्दोष. नळ्यांच्या वळणांवरची रबरं कडक झालेली पण तीही निर्दोष. मग डोक्यात आलं की दारं लॉक असताना चावी फिरवली तर गाडी मुकाट बंद पडते, अनलॉक असतानाच नखरे. ह्या गाडीत सेंट्रल लॉकिंगही व्हॅक्यूमवर, प्रत्येक दाराच्या डबीला दोन नळ्या, एक लावायची, एक उघडायची. मागच्या डाव्या दाराचं पॅनल काढलं (3 क्लिपा तुटल्या, त्या वेगळ्याच), उघडायच्या नळीला पंप लावला आणि काटा सरसर सरसर शून्यावर. आतला पडदा चिरलेला, नखाएवढा. दुखणं मागच्या दाराला आणि कण्हतंय पुढचं इंजिन.

नवी डबी मिळेपर्यंत त्या दोन्ही नळ्यांना बूच मारलं, ते दार आता हाताने लॉक करतो. गाडीत बसलो, चालू केली, चावी फिरवली. खटकन बंद. शांतता. काय ती शांतता, मी दोन मिनिटं हलूच शकलो नाही.

काचेवर टकटक. काका.

"काय, आता चालूच होत नाही वाटतं?"