प्रश्न सोडून देता आला पाहिजे

माझी भाची जीमॅटची, म्हणजे एमबीएच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी करतेय. मॉक, म्हणजे सराव परीक्षा, देणं चालू आहे. परवा तिचा मेसेज आला. "मावशी, अकरा मॉक झाल्या. स्कोअर 585 च्या पुढे सरकतच नाही. आता रोज एक देऊ का?"

तिला उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं, की म्हटलं इथेच टाकावं. तिच्यासारखी तयारी करणारे आणखीही कितीतरी जण असतील.

आधी तिला सांगितलं ते असं: मॉक बंद कर. निदान पंधरा दिवस.

मॉक म्हणजे वजनकाटा. दिवसातून चार वेळा त्यावर उभं राहून वजन उतरत नाही. आपण मॉक देतो, स्कोअर बघतो, रात्रभर वाईट वाटून घेतो आणि दुसऱ्या दिवशी नवी मॉक उघडतो. चुकलेला प्रश्न का चुकला, हे बघायचं राहूनच जातं. माझंही पहिल्या वेळी हेच झालं होतं.

जीमॅट मी 2024 मध्ये दोनदा दिली. पहिल्या वेळी क्वांटमध्ये, म्हणजे गणिताच्या विभागात, सहाव्या का सातव्या प्रश्नावर अडकले. गणित येत होतं, म्हणून तर सोडवेना! पाच-सहा मिनिटं गेली. क्वांटला 21 प्रश्न आणि 45 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटं आणि वर काही सेकंद. त्या एका हट्टापायी शेवटचे चार प्रश्न मला वाचताही आले नाहीत. प्रश्न अर्धवट राहिले की या परीक्षेत गुण कापले जातात, तेही चांगलेच.

शाळा-कॉलेजात कायम पुढे असलेल्या मुलांना ही परीक्षा जड जाते, त्याचं कारण मला इथे दिसतं. आलेला प्रश्न सोडवायचाच, अशी आपली वर्षानुवर्षांची सवय. पण ही परीक्षा अनुकूली आहे. तुम्ही बरोबर उत्तर देत गेलात, की ती प्रश्न अवघड करत जाते. चांगला स्कोअर येणाऱ्यालाही प्रश्न चुकल्याचे धक्के बसतातच. मग कुठला चुकू द्यायचा, हे आपण ठरवायचं. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून अंदाजाने एक पर्याय निवडायचा, प्रश्नावर खूण करायची आणि निघायचं. विभाग संपवून वेळ उरला, तर परत येऊन तीन उत्तरं बदलता येतात. व्यवसायात तरी दुसरं काय असतं? वेळ मोजका, माहिती अर्धी, आणि तरी निर्णय घ्यायचाच.

आता डेटा इनसाइट्सबद्दल, म्हणजे तक्ते, आलेख आणि दिलेली माहिती तपासण्याच्या विभागाबद्दल, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथेच होतं. एकूण स्कोअर 205 ते 805 मध्ये येतो आणि त्यात तिन्ही विभागांचं वजन सारखं असतं. तरीही लोक क्वांट आणि व्हर्बलची (इंग्रजी वाचन आणि तर्काची) तयारी महिनोन्‌महिने करतात आणि हा विभाग शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. डेटा सफिशियन्सी हा प्रकारही आता याच विभागात येतो, आणि तो शिकायला वेळ लागतो. त्यात उत्तर काढायचंच नसतं, दिलेली माहिती पुरेशी आहे का एवढंच सांगायचं असतं. समजा विचारलंय, "क्ष ही मूळ संख्या आहे का?" आणि विधान आहे, "क्ष हा 24 ते 28 मधला पूर्णांक आहे." क्ष नेमका किती ते कळत नाही, म्हणून बरेच जण 'अपुरी' म्हणून मोकळे होतात. पण 24, 25, 26, 27, 28 यांतली एकही मूळ संख्या नाही. म्हणजे उत्तर ठामपणे 'नाही' असं आहे, आणि ठाम 'नाही' मिळालं की माहिती पुरेशी. हे एकदा डोक्यात बसलं, की या प्रश्नांची भीती जाते.

व्हर्बलबद्दल थोडंच सांगते. व्याकरणाचे प्रश्न आता नाहीत, निबंधही नाही. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी शब्दांच्या याद्या पाठ करण्यात दिवस घालवू नयेत. "नवं यंत्र आल्यावर कारखान्यातले अपघात कमी झाले, म्हणजे यंत्र सुरक्षित आहे" असं वाचल्यावर "त्या काळात काम तरी तेवढंच चालू होतं का?" हा प्रश्न मनात यायला हवा. क्रिटिकल रीझनिंगला, म्हणजे युक्तिवाद तपासायच्या प्रश्नांना, लागतं ते हेच, आणि त्याचा सराव रोजची बातमी वाचतानाही होतो.

भाचीला एक वही करायला सांगितली. प्रत्येक चुकीसमोर एकच ओळ लिहायची: मला काय वाटलं होतं आणि ते का खरं नव्हतं. 'सिली मिस्टेक' हा शब्द वहीत लिहायला बंदी. तो लिहिला की विचार तिथेच थांबतो. बरोबर आलेली पण अंदाजाने ठोकलेली उत्तरंही त्याच वहीत उतरवायची.

काल तिने वहीचा फोटो पाठवला. शेवटच्या दोन मॉकमधल्या 26 चुका लिहून काढल्यात. त्यातल्या 14 चुकांसमोर जवळपास एकच वाक्य आहे: "नेमकं काय विचारलंय ते पूर्ण वाचलं नाही."

अकरा मॉक देऊनही हे तिला दिसलं नव्हतं. पुढची मॉक ती आता दोन आठवड्यांनी देणार आहे.