पेराल्टाचं पदक मेक्सिकोमुळे अडलं?

सार्जंट राफाएल पेराल्टाची गोष्ट अधूनमधून फिरत येते. कागदपत्रं नसलेला मेक्सिकन पोरगा नागरिकत्वासाठी अमेरिकी मरीनमध्ये गेला, इराकमध्ये हातबॉम्ब अंगाखाली ओढून सोबत्यांना वाचवलं, आणि परका म्हणून त्याला मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, नाकारलं. वाचताना गळा दाटून येतो खरा, पण त्यातलं बरंचसं चूक आहे.

कागदपत्रांचं आधी उरकू. ग्रीन कार्ड हाती पडलं त्याच दिवशी, २००० साली, तो भरती झाला. नागरिक झाला तो गणवेशात असताना, जिवंतपणी. आईवडिलांच्या घरी त्याच्या खोलीच्या भिंतींवर अमेरिकेची राज्यघटना, हक्कांची सनद आणि मरीनचं प्रशिक्षण पुरं केल्याचा दाखला लावलेला होता. नुसत्या कागदासाठी गेलेल्याची खोली अशी नसते, असं मला वाटतं.

जन्मामुळे पदक अडलं म्हणावं, तर होसे फ्रान्सिस्को हिमेनेसचं काय? तोही मेक्सिको सिटीतच जन्मलेला, मरीनच. १९६९ मध्ये व्हिएतनाममध्ये पडला आणि त्याला मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर मिळालं. मेक्सिकोत जन्मलेल्या आल्फ्रेड रास्कोनला तर ते २००० साली मिळालं, पेराल्टा भरती झाला त्याच वर्षी.

घोडं अडलं ते डोक्यातल्या जखमेपाशी. १५ नोव्हेंबर २००४, फल्लुजा. पंचवीस वर्षांचा पेराल्टा त्या दिवशी आपणहून घरझडतीच्या तुकडीत गेला होता. एका घरात आतलं दार उघडताच समोरून गोळ्या आल्या. एक गोळी त्याच्या डोक्यात शिरली; तीही बहुधा आपल्याच माणसाची, कशावर तरी आपटून उडालेली. तो कोसळला, आणि मग हातबॉम्ब आला. त्यानं तो ओढून घेतला, असं सोबत्यांनी सांगितलं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं, अशा जखमेनंतर जाणूनबुजून हात हलणं शक्य नाही. दुसऱ्या तज्ज्ञांनी ते खोडून काढलं. मेडल ऑफ ऑनरला तर शंकेला जागाच चालत नाही. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी २००८ मध्ये त्याखालच्या पदकावर, नेव्ही क्रॉसवर, थांबायचं ठरवलं.

‘म्हणजे सगळं रचलेलंच,’ हे दुसरं टोक. २०१४ मध्ये काही मरीननी तसं सांगितलंही. बाकीचे आपल्या साक्षीवर ठाम राहिले.

रागवायचंच असेल तर इथे रागवा: नेव्ही क्रॉसच्या मानपत्रात सरकारनेच लिहिलंय की पेराल्टानं हात पुढे करून हातबॉम्ब अंगाशी ओढला. जे मानपत्रात घडलं, तेच वरच्या पदकासाठी संशयास्पद! नेव्ही क्रॉस तसा किरकोळ नव्हे, आपल्या महावीर चक्रासारखा दुसऱ्या क्रमांकाचा. तरीही आईनं तो वर्षानुवर्षं हातात घेतला नाही. घेतला तो २०१५ मध्ये. तोवर तिच्या मुलाच्या नावाची युद्धनौका बांधायला घेतली होती.